नफ्यातला वाटा आणि मालकीतला भाग

दसरा उलटला की औद्योगिक वसाहतींतल्या चहाच्या टपऱ्यांवर, बँकांच्या आणि विमा कचेऱ्यांच्या उपाहारगृहांत, कारखान्यांच्या फाटकांवरील फलकांवर एकच विषय दिसू लागतो: यंदा बोनस किती? व्यवस्थापन मंदीचा, महागलेल्या कच्च्या मालाचा आणि वाढलेल्या व्याजाचा पाढा वाचते. युनियनचे पुढारी गतवर्षीच्या लाभांशाचा आकडा पुढे करतात. चार बैठका फिसकटतात, पाचवी मध्यरात्रीपर्यंत चालते आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एक आकडा जाहीर होतो. फाटकावर पेढे वाटले जातात. दिवाळी सरते आणि विषय पुढल्या दसऱ्यापर्यंत माळ्यावर जातो. या धामधुमीत एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. बोनस म्हणजे नेमके काय? ती मालकाने दिलेली दिवाळीची भेट आहे, राहून गेलेले वेतन आहे, की ज्या नफ्याच्या निर्मितीला कामगाराचे हात लागले त्या नफ्यातला त्याचा वाटा आहे?

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला असे पुस्तकी प्रश्न सुचायचेच, असे कोणी म्हणेल. परंतु या प्रश्नाच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. बोनस ही भेट असेल तर ती देणाऱ्याची मर्जी. ते वेतन असेल तर नफ्यातोट्याशी त्याचा संबंध नाही; धंदा बुडीत असला तरी ते दिलेच पाहिजे. आणि तो वाटा असेल, तर तो किती, कशातून, आणि त्याचा हिशेब कोणाच्या डोळ्यांदेखत मांडायचा, हे ठरवावे लागेल. गेल्या शंभर वर्षांत आपण या तीन उत्तरांमध्ये हेलकावे खात आलो आहोत.

मुंबईच्या गिरण्यांत बोनस आला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात. परदेशी कापडाची आवक घटली, गिरण्यांचा नफा फुगला, आणि दुसरीकडे धान्याच्या महागाईने मजूर हवालदिल झाला. १९१७ साली गिरणीमालकांनी वेतनाच्या १० टक्के युद्ध-बोनस देऊ केला. पुढल्या वर्षी तो १५ टक्के झाला. युद्ध संपल्यावरही काही वर्षे बोनस मिळत गेला आणि कामगारांच्या दृष्टीने तो वहिवाटीचा हक्क झाला. १९२३ सालासाठी मालकांनी हात आखडता घेतला, तेव्हा जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख गिरणीकामगार संपावर गेले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. काही वर्षे बोनस मिळाला म्हणून त्यावर कामगारांचा कायदेशीर हक्क प्रस्थापित होत नाही, असा तिने निर्वाळा दिला. थोडक्यात, बोनस ही भेट ठरली आणि संप निष्फळ झाला.

दहा वर्षांनी, १९३४ साली, जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्याने नफ्याशी निगडित बोनस सुरू केला. पण तो एका मालकाचा निर्णय होता. तत्त्व म्हणून वाट्याची कल्पना मान्य झाली ती स्वातंत्र्यानंतर. १९५० साली मुंबईच्या गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातील वादात लेबर अपेलेट ट्रायब्यूनलने एक सूत्र घालून दिले. ढोबळ नफ्यातून घसारा, यंत्रांचे नूतनीकरण, आयकर, भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के परतावा आणि कामात गुंतलेल्या राखीव निधीवर काही परतावा वजा करावा. मागे जे उरेल त्यावर भांडवलाइतकाच श्रमाचाही दावा आहे. हे सूत्र मोठे होते. कामगाराला ते प्रथमच सांगत होते की, तुझे वेतन चुकते झाले म्हणजे तुझा हिशेब संपला असे नाही.

पुढे १९६१ साली मेहेर आयोग नेमला गेला, १९६४ मध्ये त्याचा अहवाल आला आणि १९६५ चा बोनस कायदा झाला. हा कायदा नफ्यातल्या वाट्याचा होता, तसाच किमान हमीचाही होता. वाटपयोग्य शिलकीतून कमाल २० टक्क्यांपर्यंत बोनस द्यावा. पण शिल्लक नसली, किंबहुना तोटा असला, तरी किमान ४ टक्के दिलाच पाहिजे. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी हे किमान ८.३३ टक्क्यांवर गेले. शंभराला बाराने भागून पाहावे म्हणजे हा विचित्र दिसणारा आकडा कोठून आला ते कळते: तो एका महिन्याचा पगार आहे. आणीबाणीत, १९७५ साली, सरकारने वटहुकूम काढून हे किमान खाली आणले. १९७७ मध्ये जनता सरकारने ते पुन्हा ८.३३ वर नेले. २०१९ च्या वेतनसंहितेतही ८.३३ ते २० हीच चौकट कायम ठेवण्यात आली.

कामगारचळवळीचा हा विजय लहान नव्हता. तथापि त्याची किंमतही चुकवावी लागली. असंख्य आस्थापनांत किमान बोनस हाच कमाल बोनस होऊन बसला. त्यातही बोनसाची मोजणी संपूर्ण पगारावर होत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने पात्रतेची मर्यादा मासिक २१,००० रुपयांवर आणि मोजणीची मर्यादा ७,००० रुपये किंवा किमान वेतन यांपैकी जास्त असेल त्या रकमेवर नेली. ७,००० धरले तर वर्षाचा किमान बोनस होतो सुमारे ७,००० रुपये. कंपनीचा नफा दुप्पट होवो वा निम्मा होवो, हातात पडणारी रक्कम बहुधा तीच. ती हक्काची आहे, ती मिळालीच पाहिजे. परंतु तिला नफ्यातला वाटा म्हणणे म्हणजे शब्दांची ओढाताण करणे होय. ते तेराव्या महिन्याचे वेतन आहे.

या कायद्याच्या २३ व्या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कंपनीचा ताळेबंद आणि नफातोट्याचे पत्रक रीतसर तपासलेले असेल, तर बोनसाच्या वादात न्यायाधिकरणाने ते अचूक मानून चालावे, असे ते कलम म्हणत होते. युनियनला हवे तर खुलासा मागता येई. पण आकड्यांच्या अचूकतेचा पुरावा मालकाने मुळापासून द्यावा अशी अपेक्षा नव्हती. आता व्यवहार लक्षात घ्यावा. घसारा किती धरावा, भगिनी कंपनीला माल कोणत्या भावाने विकावा, संचालकांचे मानधन किती असावे, हे सारे एका पक्षाने ठरवायचे आणि त्यातून उरलेल्या रकमेवर दुसऱ्या पक्षाने हक्क सांगायचा. एकत्र कुटुंबात वाटण्या होताना ज्याच्या हाती जमाखर्चाची वही असते त्याचे पारडे जड असते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

गिरणगावचा धडा

आमचे एक मामा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत बोनसच्या चिठ्ठ्या सुतळीने बांधून ठेवलेल्या असत. कोणत्या वर्षी किती मिळाला, त्यातून काय घेतले, हे त्यांना तोंडपाठ होते: अमुक सालच्या बोनसात शिलाईयंत्र, तमुक सालच्यात गावच्या घरावर कौले. १९८१ च्या दिवाळीत बोनसावरून काही गिरण्यांत ठिणगी पडली, डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे नेतृत्व गेले आणि १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. हा संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मामा दीड वर्षाने गावी परतले आणि शेवटपर्यंत गिरणीविषयी बोलताना 'आमची गिरणी' असेच म्हणत राहिले.

पण गिरणी त्यांची नव्हती, आणि हे किती खरे होते ते पुढच्या वीस वर्षांत उघड झाले. कापडाच्या धंद्यात गिरण्यांचा जीव उरला नव्हता. त्यांची खरी दौलत त्यांच्या पायाखालची जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा विकास करताना तिचे तीन वाटे ठरवले: एक महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी, एक मालकाकडे. २००१ मध्ये नियम बदलला आणि पहिले दोन वाटे केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरते राहिले. साहजिकच ते आकसले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. गिरणीच्या जागी व्यापारसंकुले आणि मनोरे उभे राहिले. कामगारांच्या वाट्याला थकीत देणी आली आणि, २०१२ पासून, म्हाडाच्या सोडतीत नाव निघण्याची आशा.

बोनस हा एका वर्षाच्या नफ्यातला वाटा असतो. वर्ष संपले की तो संपतो. परंतु कारखान्यात जे वर्षानुवर्षे साचत जाते, म्हणजे जमीन, यंत्रे, नाव, गंगाजळी, त्याची किंमत वाढते ती भागधारकाच्या खात्यावर. तीस वर्षे साचा चालवलेल्या माणसाचा त्या साचलेल्या मूल्याशी काही संबंध उरत नाही. एक दिवसही फाटकाच्या आत न आलेल्या भागधारकाचा राहतो. कामगाराला नफ्यात वाटा असावा, हे आपण निदान कागदावर मान्य केले. त्याला मालकीतही भाग असावा, हे अजून मनावर घेतलेले नाही.

येथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९८२ साली मामांच्या हातात गिरणीचे शंभर शेअर असते, तर ते त्यांनी ठेवले असते काय? आजारी गिरणीच्या शेअरला तेव्हा फारशी किंमत नव्हती, घरात चूल पेटत नव्हती, आणि चाळीच्या तोंडाशी सावकार उभा होता. ते कागद कवडीमोलाने गेले असते आणि जमिनीला भाव आला तेव्हा ते भलत्याच कोणाच्या तिजोरीत निघाले असते. कामगारांना सुटे शेअर वाटून मालकी टिकत नाही. ती एकत्र, सामाईक राहिली तरच टिकते.

सामाईक मालकीचे नमुने

याची उदाहरणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. १९५९ साली गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज लिज्जत या नावाने घरोघरी माहीत असलेल्या त्या संस्थेत पापड लाटणारी प्रत्येक बहीण ही सहमालक असते. नफा झाला तर वाटून, तोटा झाला तर तोही वाटून. कोणी भांडवलदार बाहेरून आत येत नाही. दानही स्वीकारायचे नाही, हा दंडक पहिल्यापासूनचा. अर्थात पापडाच्या धंद्याला यंत्रसामग्री थोडी लागते आणि कौशल्य हातात असते, म्हणून हे साधले, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच चुकीचा नाही.

मग अवजड उद्योगातले उदाहरण पाहू. लार्सन अँड टुब्रो ही मुंबईत वाढलेली अभियांत्रिकी कंपनी. तिच्यावर एकामागून एका मोठ्या उद्योगसमूहाचा डोळा होता. २००३-०४ मध्ये तिचा सिमेंट विभाग वेगळा काढून बिर्ला समूहाकडे देण्याचे ठरले, तेव्हा त्या समूहाच्या ग्रासिम कंपनीकडे असलेले लार्सनचे सुमारे १५ टक्के समभाग कर्मचाऱ्यांसाठी स्थापन केलेल्या न्यासाने विकत घेतले. कोणा एका कर्मचाऱ्याने ते खिशात घातले नाहीत. न्यासाने ते सर्वांच्या वतीने धरले. कंपनी परक्या हाती जाण्याचा धोका त्यामुळे बराच टळला. मुंबईच्या उद्योगजगतातील या घटनेवर आपल्या कामगारसंघटनांनी जितकी चर्चा करायला हवी होती तितकी केली नाही, असे मला वाटते.

याउलट सरकारी कंपन्यांच्या भागविक्रीत कर्मचाऱ्यांना जी सवलत दिली जाते, तिला मालकीचे नाव देणे कठीण आहे. मे २०२२ मध्ये आयुर्विमा महामंडळाचे समभाग प्रथमच विक्रीला आले. भाव ९४९ रुपये. कर्मचाऱ्यांना ४५ रुपये सूट, म्हणजे ९०४. पंधरा समभागांचा एक गट घेणाऱ्या लिपिकाचे १३,५६० रुपये गुंतले. शेअरबाजारात नोंदणी झाली त्या पहिल्याच सकाळी भाव ८७० च्या आसपास निघाला. सवलत धरूनही पदरात तोटा. पुढल्या वर्षी तो आणखी बराच उतरला आणि २०२४ च्या आरंभी हजारापलीकडे गेला. यात कोणाचे दैव फळफळले, कोणाचे रुसले. पण सरकारने विकला होता केवळ साडेतीन टक्के भाग. पंधरा समभागांच्या मालकाला महामंडळाच्या कारभारात पूर्वीइतकाच आवाज राहिला, म्हणजे जवळजवळ नाही. स्वतःच्या बचतीतून थोड्या स्वस्तात शेअर घेणे ही गुंतवणूक झाली, भागीदारी नव्हे.

गेल्या तीस वर्षांत या विषयाला आणखी एक फाटा फुटला आहे. १९९० च्या दशकात इन्फोसिससारख्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना ठराविक भावाने, पुढे कधीतरी समभाग घेण्याचा पर्याय देण्याची पद्धत रूढ केली; 'इसॉप' हे तिचे नाव आता तरुणांच्या तोंडी असते. सेबीने १९९९ मध्ये तिच्यासाठी नियम केले, २०१३ च्या कंपनी कायद्याने तिला स्थान दिले. कंपनी वाढली तेव्हा अनेक सामान्य कुटुंबांतील मुलांना त्यातून घर घेता आले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा पर्याय देताना हेतू असतो हुशार माणूस दुसरीकडे जाऊ नये हा. तो ज्याच्यावाचून कंपनीचे अडते त्यालाच दिला जातो. फाटकावरच्या पहारेकऱ्याला आणि यंत्रावरच्या कंत्राटी कामगाराला कोण देणार?

आणि ज्याला मिळतो त्याचीही फरफट होते. पुण्यातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात कागदपत्रांचे पाकीट घेऊन घरी आला. चार वर्षे नोकरी केल्यावर त्याचा पर्याय पक्का झाला होता; त्याने समभाग घेतले. कंपनीने त्यांची जी किंमत ठरवली होती आणि त्याने जी भरली होती त्यांतला फरक पगाराचाच भाग मानून त्यावर आयकर कापला गेला. कंपनी शेअरबाजारात नाही, त्यामुळे समभाग विकता येईनात. कर भागवून महिन्याचा खर्च चालवण्यासाठी त्याने पतपेढीतून कर्ज काढले होते. २०२० च्या अर्थसंकल्पाने हा कर काही वर्षे पुढे ढकलण्याची मुभा दिली, पण ती विशिष्ट प्रमाणपत्र असलेल्या नवउद्योगांपुरती. त्याची कंपनी त्यांत बसत नव्हती. "सर, मी मालक झालो म्हणजे नेमके काय झाले?" असे त्याने विचारले. त्याने कंपनीचा ताळेबंद कधी पाहिला आहे काय, असे मी त्याला विचारले. त्याने पाहिला नव्हता.

जोखीम आणि आक्षेप

या कल्पनेला पाश्चात्त्य देशांत मोठा इतिहास आहे आणि तो सगळाच उजळ नाही. पॅरिसमध्ये घरे रंगवण्याचा धंदा करणारा लक्लेर याने १८४२ साली कामगारांना नफ्यात भागी दिली, आणि जॉन स्टुअर्ट मिलने आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात त्याची वाखाणणी केली. पण लंडनच्या साउथ मेट्रोपॉलिटन गॅस कंपनीत जॉर्ज लिव्हसी याने १८८९ मध्ये हीच कल्पना आणली ती नव्याने उभी राहिलेली कामगारसंघटना मोडण्यासाठी. त्यातून संप झाला आणि संघटना हरली. भागीदारीच्या गोड नावाखाली संघटनेचा गळा दाबला जाईल ही युनियनच्या मनातली भीती कल्पनेतली नव्हे. ती अनुभवाची आहे.

दुसरी भीती जोखमीची. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने कर्मचारी-भागधारणेला करसवलतींचे बळ दिले आणि हजारो कंपन्यांत अशा योजना आल्या. युनायटेड एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी १९९४ मध्ये पगारकपात मान्य करून कंपनीचे ५५ टक्के भाग मिळवले. २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ते भाग मातीमोल झाले. एन्रॉनचे नाव महाराष्ट्राला दाभोळमुळे चांगलेच परिचित आहे. त्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीचा अर्ध्याहून अधिक पैसा तिच्याच शेअरांत होता. २००१ च्या अखेरीस कंपनी कोसळली तेव्हा नोकरी आणि म्हातारपणची पुंजी एकाच आठवड्यात गेली. कामगाराची रोजची भाकरी आधीच एका कारखान्यावर अवलंबून असते. बचतही तेथेच ठेवणे म्हणजे एकाच खुंटीला सगळे ओझे टांगणे. आपल्याकडील २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार कंपनी विसर्जित झाली तर कामगारांचे चोवीस महिन्यांचे देणे तारणधारक धनकोंच्या बरोबरीने फेडायचे असते. भागधारकाचा क्रमांक मात्र सर्वांत शेवटी लागतो. एकच माणूस कामगार म्हणून रांगेत पुढे असतो आणि भागधारक म्हणून अगदी मागे. म्हणून भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि किमान बोनस यांना हात लावून कामगाराला भागधारक करणाऱ्या कोणत्याही योजनेला विरोधच केला पाहिजे.

कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जची कहाणी येथे आठवते. मालकांच्या आपसांतील कलहात १९८५ मध्ये बंद पडलेला तो कारखाना १९८८ च्या पुनर्वसन योजनेनुसार कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवायला घेतला. कामगारांनी आपली पुंजी घातली. पहिली काही वर्षे कारखाना चालला, उत्पादन वाढले. पण नव्वदीचे दशक सरण्यापूर्वी तो पुन्हा आजारी पडला. खेळत्या भांडवलाची चणचण आणि आपसांतले मतभेद, दोन्ही नडले. कामगार मालक झाले ते कारखाना बुडाल्यावर! धंदा धडधाकट असताना त्यांना मालकीत घ्यावे, असे त्यापूर्वीच्या तीस वर्षांत कोणाला सुचले नाही.

वर्गात हा विषय निघाला की एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास एक आक्षेप काढतो. हजार कामगारांच्या कारखान्यात नफ्याचा दहा टक्के हिस्सा कामगारांना द्यायचा ठरला, आणि एकाने जीव तोडून लाखभर रुपयांचा जादा नफा मिळवून दिला, तर त्याच्या वाट्याला येणार दहा रुपये. मग तो जीव का तोडील? गणित बिनचूक आहे. पण कारखाना एकेकट्याच्या हिशेबाने चालत नाही. शेजारचा कामगार माल वाया घालवतो आहे हे दिसताना बोलायचे की गप्प राहायचे, हे नफा कोणाचा यावर ठरते. तोही एका अटीवर: नफा किती झाला हे विश्वासाने कळले पाहिजे. ब्रिटनमधील जॉन लुईस या दुकानांच्या संस्थेची मालकी १९२९ पासून कर्मचाऱ्यांच्या वतीने न्यासाकडे गेली. तेथे संस्थेचे स्वतःचे साप्ताहिक निघत असे आणि कोणीही कर्मचारी त्यात निनावी पत्र लिहून वरिष्ठांना जाब विचारू शके. २०२० च्या साथीत, १९५३ नंतर प्रथमच, कर्मचाऱ्यांचा वार्षिक बोनस रद्द झाला. चांगल्या वर्षांचे हिशेब पाहण्याची सवय असलेल्यांना वाईट वर्षाचा हिशेबही समजावून सांगता येतो.

'नफ्यात वाटा हवा तर तोट्यातही घ्या,' असे उद्योगपती म्हणतात. कामगार तोट्यात वाटा घेत नाही, हे त्यांना कोणी सांगितले? महागाईभत्ता गोठतो, पाळ्या कमी होतात, कपात होते आणि शेवटी फाटकाला कुलूप लागते. तो वाटा मागावा लागत नाही. तो आपोआप मिळतो.

मग करायचे काय? फ्रान्सने १९६७ साली द गॉल यांच्या कारकिर्दीत शंभराहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना नफ्याचा ठराविक सूत्राने काढलेला हिस्सा कर्मचाऱ्यांच्या नावे राखून ठेवणे बंधनकारक केले; पुढे ही मर्यादा पन्नासवर आली. हा पैसा सर्वसाधारणपणे पाच वर्षे बांधून ठेवलेला असे आणि त्याला करसवलत असे. आपल्या राज्यघटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने घातलेले '४३ अ' हे कलम कामगारांचा व्यवस्थापनात सहभाग असावा असे सांगते. मार्गदर्शक तत्त्व म्हणून ते तेथे स्वस्थ पडून आहे. माझ्या मते किमान बोनस रोख आणि अबाधित ठेवून, त्यावर जो नफ्याशी निगडित बोनस ठरेल त्याचा काही हिस्सा कामगारांच्या संमतीने समभागांच्या रूपात न्यासाकडे जावा, आणि कंपनीने त्यात तितकीच भर घालावी. तेवढ्यापुरती तिला करात सूट मिळावी. न्यासाचे विश्वस्त कामगारांनी गुप्त मतदानाने निवडावेत. वार्षिक सभेत मत न्यासाने द्यावे. न्यासाला मिळणाऱ्या लाभांशाचा मोठा भाग कंपनीबाहेर, सरकारी रोख्यांत गुंतवला जावा, म्हणजे एन्रॉनची पुनरावृत्ती होणार नाही. निवृत्त होणाऱ्याचे भाग न्यासानेच योग्य किमतीला परत घ्यावेत. विश्वस्तांना हिशेबतपासनीस नेमून कंपनीच्या वह्या पाहण्याचा अधिकार नसेल, तर बाकीचे सगळे न केलेले बरे.

कंत्राटी कामगाराला यात घेतल्याशिवाय ही योजना कायम नोकरांच्या लहानशा गटाची चैन ठरेल, हेही खरे. महाराष्ट्राने तर असे एकदा करून पाहिले आहे. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. ऊस पिकवणारा मालक झाला, ही क्रांतीच होती. पण त्या मालकीच्या वर्तुळात साखर करणारा कामगार आला नाही, आणि बीडहून बैलगाडी घेऊन येणारा ऊसतोडणी मजूर तर वर्तुळाच्या पार बाहेर, मुकादमाच्या उचलीत अडकलेला राहिला.

भारत सरकारने १९४८ साली नफ्याच्या वाटपाविषयी एक तज्ज्ञ समिती नेमली होती. भांडवलाला रास्त परतावा आणि गंगाजळीची तजवीज झाल्यावर उरलेल्या नफ्याचा निम्मा भाग श्रमिकांना द्यावा, आणि कापड, ताग, पोलाद, सिमेंट, टायर व सिगारेट या सहा उद्योगांत हा प्रयोग पाच वर्षे करून पाहावा, अशी तिची शिफारस होती. प्रयोग झाला नाही. त्या यादीत पहिले नाव कापडगिरण्यांचे होते. मुंबईपुरते ते आता पुसले गेले आहे. पोलाद, सिमेंट आणि टायरचे कारखाने चालू आहेत.